फुंकायला नकार म्हणजे सुटका नव्हे!

"फुंकूच नकोस. फुंकलं नाहीस तर पोलीस सिद्ध काय करणार?" सोलापुरात नाकाबंदी लागली की हा सल्ला आपल्या वस्त्यांमध्ये हमखास ऐकू येतो. सल्ला देणारा स्वतःला कायद्याचा जाणकार समजतो. प्रत्यक्षात तो पोराला कोठडीच्या दारात नेऊन उभा करतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ काय म्हणतो ते बघा. कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दारूचा वाजवी संशय असताना फुंकायला नकार दिला, तर कलम २०३ प्रमाणे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. मग कलम २०४ नुसार डॉक्टरमार्फत रक्त मागता येते. त्यालाही नकार दिला आणि सबळ कारण दाखवता आले नाही, तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानता येतो.

"पण गाडीवरचा निळा झेंडा बघूनच आम्हाला अडवतात," असे पोरं म्हणतात. ही तक्रार मी उडवून लावणार नाही. उलट म्हणूनच चाचणी हवी! यंत्राला आडनाव कळत नाही. न पिलेल्या माणसाच्या बाजूने यंत्रावरच्या आकड्याइतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. तो नाकारला की उरतो फक्त पोलिसाचा शब्द, "तोंडाला वास येत होता."

चाचणी लांबली की फायदा कोणाचा होतो, हे २०२४ ने दाखवले. १९ मे रोजी पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. अल्पवयीन चालकाचे रक्त काही तासांनी घेतले गेले आणि ससूनमध्ये ते बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टरांना अटक झाली. ७ जुलैला वरळीत बीएमडब्ल्यूने एका महिलेला फरफटत नेले. आरोपी दोन दिवसांनी सापडला. तोवर रक्तात काय उरणार? आपल्या रिक्षावाल्या पोराला ना ससून मिळते, ना दोन दिवस. म्हणून 'चाचणी नको' ही आपली मागणी असूच शकत नाही. 'चाचणी सगळ्यांची आणि वेळेत' ही आपली मागणी आहे.

आणि अटक झालीच तर हक्क माहीत हवेत. कलम २०२ सांगते की या गुन्ह्यात अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर सोडावे लागते. ठाण्यात पुन्हा फुंकण्याची संधी दिलीच पाहिजे. अटकेचे कारण, वकिलाची भेट आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे हे अनुच्छेद २२ चे संरक्षण आहे. बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत हे कलम १५-अ म्हणून मांडले होते. ते फोटोसारखे भिंतीवर लावण्यासाठी नव्हे, ठाण्यात उभे राहून वापरण्यासाठी आहे.

पिऊन गाडी चालवणाऱ्याची वकिली मी करत नाही. पंचशील घेतलेल्या समाजाला ती शोभतही नाही. पिलास तर किल्ली दुसऱ्याच्या हातात दे. पिला नसशील तर बिनधास्त फुंक, आकडा बघ, वेळ लिहून ठेव.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा आणि कलम २०२ ते २०५ मोठ्याने वाचा. अर्धवट सल्ल्यापेक्षा ते जास्त कामी येईल.

जय भीम!