ज्याचं झाकण उघडतं, तोच लॅपटॉप घ्या

लॅपटॉप घ्यायला निघालेला माणूस बऱ्याचदा आधी माझ्याकडे चौकशीला येतो. प्रश्न ठरलेले असतात: प्रोसेसर कोणता, स्क्रीन केवढी, हप्ता किती बसेल. यापुढचा एक प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, आणि माझ्या मते तो सगळ्यात आधी विचारायला हवा. याचं खालचं झाकण उघडून रॅम, डिस्क आणि बॅटरी बदलता येते का? देगलुरात माझं लॅपटॉप-दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्याकडच्या लोकांची बहुतेक कंपन्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरशी गाठ पडायची तर ती नांदेडला नाहीतर त्याच्याही पुढे. त्यामुळे हे ठामपणे सांगतो की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात मशीन उघडता येणं हीच खरी वॉरंटी. कागदावरची वॉरंटी गाडीभाडं देत नाही, आणि मशीन पाठवल्यावर बुडालेले दिवसही भरून देत नाही.

देगलूर महाराष्ट्राच्या अगदी कडेला. मदनूर लागलं की तेलंगण, दुसऱ्या अंगाला औराद, बिदर म्हणजे कर्नाटक. रेल्वे अजून आलेली नाही. जे काही येतं-जातं ते नांदेडहून देगलूरवरून संगारेड्डीकडे जाणाऱ्या १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने. याच रस्त्याने हैदराबादेहून आमच्याकडे जुने लॅपटॉप येतात. तिथल्या आयटी कंपन्या तीन-चार वर्षं झाली की मशीन बदलतात. काढून टाकलेला माल व्यापाऱ्यांकडे जातो. सिकंदराबादच्या पार्कलेन भागातलं चिनॉय ट्रेड सेंटर कॉम्प्युटरच्या बाजारासाठी प्रसिद्धच आहे. असल्या बाजारांतून तो माल आमच्या ई-सेवा केंद्रांत, कर सल्लागारांच्या टेबलावर, मोंढ्यातल्या आडतीवर आणि कॉलेजच्या पोरांच्या सॅकमध्ये पोहोचतो. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही नावं आता इथे घराघरांत ठाऊक झाली आहेत.

ही मशीन जुनी असूनही का टिकतात? ती मुळात कचेरीसाठी बनवलेली असतात. मोठ्या कंपनीत हजारो लॅपटॉप सांभाळायचे, तर तिथल्या माणसाला पेचकस घेऊन दहा मिनिटांत भाग बदलता आला पाहिजे. म्हणून झाकणाला साधे स्क्रू, आत रॅमचे खाचे, डिस्क वेगळी, बॅटरी वेगळी. शिवाय लेनोवो, डेल, एचपी या तिन्ही कंपन्या अशा मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका इंटरनेटवर फुकट देतात. कोणता स्क्रू किती लांबीचा, कोणती वायर आधी काढायची, सगळं चित्रासकट. ज्याला इंग्रजी जेमतेम वाचता येतं, असा दहावी झालेला मुलगाही ती चित्रं बघून शिकतो. मी त्यातूनच शिकलो.

नेमकं काय बिघडतं, हे दोन उदाहरणांनी सांगतो.

जून महिन्यात दाखल्यांची गर्दी असते. अशा वेळी एक ई-सेवा केंद्र चालवणारा लॅपटॉप घेऊन आला. कुठलीच सरकारी वेबसाइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी सुरक्षिततेचा इशारा, डिजिटल सही घेईना. त्याला कुणीतरी मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं होतं. मी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख बघितली, ती कैक वर्षं मागची होती. वेबसाइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरचं घड्याळ त्या मुदतीच्या बाहेर गेलं, की ब्राउझर दार उघडत नाही. घड्याळ चालू ठेवायला मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. तो संपलेला, मोठी बॅटरीही मेलेली, त्यात वरचेवर लाइट जाणार. मग दर वेळी घड्याळ मागे जाऊन बसायचं. झाकण उघडलं, सेल बदलला, तारीख लावली आणि काम सुरू झालं. हाच सेल चिकटवलेल्या, न उघडणाऱ्या मशीनमध्ये असता, तर ऐन दाखल्यांच्या दिवसांत त्याचं केंद्र बंद पडलं असतं आणि बाहेर रांगेत पोरांचे आईबाप उभे राहिले असते.

दुसरं मशीन मोंढ्यातल्या एका आडत व्यापाऱ्याचं. सोयाबीनची आवक जोरात, आणि टॅली उघडायलाच पाच-पाच मिनिटं लागायची. नवा लॅपटॉप घ्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. काही लॅपटॉपच्या चार्जरला मधोमध एक बारीक पिन असते. ती विजेसाठी नसते. हा चार्जर कोणता आणि किती वॅटचा, हे ती मशीनला सांगते. पिन वाकली किंवा तिची आतली तार तुटली, की मशीन चार्जरला ओळखत नाही. बॅटरी भरणं थांबतं आणि प्रोसेसर अगदी कमी वेगावर बांधला जातो. सुरू होताना तसा संदेश येतो, पण घाईत माणूस कुठलंतरी बटण दाबून पुढे जातो. त्यांचंही तेच झालं होतं. तार चार्जरमध्ये तुटली की लॅपटॉपच्या जॅकमध्ये, हे दुसरा चार्जर लावून कळलं. दोष जॅकचा निघाला. त्या मॉडेलात जॅक वेगळा, वायरीने जोडलेला होता, म्हणून काम थोडक्यात भागलं. मदरबोर्डवरच सोल्डर केलेला पोर्ट असता, तर सूक्ष्मदर्शकाखाली बसून करायचं काम झालं असतं, आणि ते करणारा हात प्रत्येक तालुक्याला मिळत नाही.

दुरुस्तीचा क्रम बाहेरून आत असावा. आधी चार्जर, मग बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून उरलीसुरली वीज घालवणं, मग रॅम काढून साफ करून परत बसवणं, मग डिस्क. मदरबोर्डचं नाव सगळ्यात शेवटी. सुधारणेचंही तसंच आहे. मशीन मंद असेल तर टास्क मॅनेजर उघडून बघा. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर जुनी फिरणारी हार्डडिस्क काढून एसएसडी टाका. एवढ्या एका बदलाने जितका फरक पडतो, तितका दुसऱ्या कशानेच पडत नाही. डिस्क मोकळी असून मेमरी भरलेली दिसत असेल, तरच रॅम वाढवा. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ यांच्या खाचा वेगळ्या असतात, म्हणून मॉडेल बघूनच पट्टी घ्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि मोंढ्यातली धूळ पंख्यात गच्च बसते. पंखा साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, तर दुपारी बंद पडणारं मशीन बऱ्याचदा सुधारतं. टचपॅड वर उचललेला दिसला, तर खाली बॅटरी फुगली आहे असं समजा. तेव्हा चार्जिंग लगेच थांबवा. आणि मशीनला हात लावण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी-की लिहून घ्या. नव्या विंडोजमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद झालेली असते, आणि की नसेल तर दुरुस्त झालेल्या मशीनमधला हिशोब मालकालाच उघडता येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, लेंडी प्रकल्पाच्या परिसरातली गावं पाण्याखाली गेली. माणसं गेली, जनावरं गेली. त्यापुढे लॅपटॉपची कथा ती काय. पण घर पुन्हा उभं करताना कागदपत्रं, फोटो, पोराचं प्रोजेक्ट हेही लागतंच. भिजलेल्या मशीनचा नियम एकच आहे. चालू होतं का ते बघू नका, आधी बॅटरी वेगळी करा. गढूळ पाणी वाळलं तरी आतला गाळ आणि क्षार सर्किट खात राहतात, म्हणून मदरबोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा लागतो. मागच्या अंगाने बॅटरी खटकन निघणाऱ्या जुन्या मशीनमध्ये हे घरचा माणूसही लगेच करू शकतो. डिस्क वेगळी निघत असेल, तर मशीन मेलं तरी आतला डेटा बऱ्याचदा वाचतो. स्टोरेज मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असेल, तर बोर्डाबरोबर तोही जातो.

नेमकी अशीच मशीन आता वाढत चालली आहेत. रॅम सोल्डर केलेली, बॅटरी चिकटवलेली. कंपन्यांचं म्हणणं सरसकट खोटं नाही. सोल्डर केलेली कमी विजेची रॅम वेगवान असते, बॅटरी जास्त चालते, मशीन पातळ होतं. पण यावर तोडगा निघालेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने कॅम २ हे मानक जाहीर केलं, आणि २०२४ मध्ये लेनोवोने थिंकपॅड पी १ च्या सातव्या पिढीत तशी काढता-घालता येणारी वेगवान रॅम देऊन दाखवली. त्याच वर्षी आय-फिक्सिट या दुरुस्तीची बाजू मांडणाऱ्या कंपनीने थिंकपॅड टी १४ च्या पाचव्या पिढीला दुरुस्तीसाठी दहापैकी नऊ गुण दिले. मनात आणलं तर कंपन्यांना जमतं, याला याहून मोठा पुरावा कशाला हवा?

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्या एआयच्या डेटा सेंटरकडे वळल्या. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी गरीब घरचा विद्यार्थी आठ जीबीवरच भागवणार. खाचा असेल तर तो पुढे भाव उतरल्यावर, नाहीतर जुन्या मशीनमधली पट्टी घेऊन, रॅम वाढवेल. खाचाच नसेल तर चार वर्षं त्याला तेवढ्यावरच काढावी लागतील.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. थिंकपॅड टी ४८० या २०१८ च्या मशीनला ते चालतं, पण त्याच्या आदल्या वर्षीचं सातव्या पिढीचं टी ४७० यादीबाहेर. दोन्ही मशीन ठणठणीत, दोन्हींची रॅम-डिस्क बदलता येते. तरी एक कामाचं आणि एक भंगारात, हे मला पटत नाही. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यानंतर ज्याचं काम ब्राउझरमध्येच होतं, त्याने बेधडक लिनक्स टाकावं. केरळच्या सरकारी शाळांत काइट ही संस्था लिनक्सच चालवते. टॅली आणि डिजिटल सही यांवर पोट असणाऱ्याने मात्र हैदराबादचा माल घेताना आठवी पिढी ही किमान अट धरावी आणि जुनं मशीन पोरांना अभ्यासाला द्यावं. बँक आणि जीएसटीचं काम असलेल्या मशीनवर अपडेट नसलेली प्रणाली चालवू नये, हे मी गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्ती-गुण छापावे लागतात. दहापैकी किती, ते किमतीशेजारी दिसतं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती-हक्काचं पोर्टल सुरू केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकासाठी समिती नेमली, तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. दिशा योग्य आहे. पण पहिल्या टप्प्यात मोबाइल आणि टॅबलेट आहेत. माझं म्हणणं आहे की लॅपटॉप त्यात आत्ताच घ्या. मोबाइल बंद पडला तर माणूस दुसऱ्याचा घेऊन बोलतो. ई-सेवा केंद्राचा लॅपटॉप बंद पडला तर सगळ्या गावाची कामं अडतात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांत भंगाराची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण मशीन भंगारात जायच्या आधीची पाच वर्षं कुणाची, हेही ठरायला हवं.

आमच्या धंद्यालाही शिस्त हवी. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात परत द्यावा. बिलावर नव्या भागाचा नंबर लिहावा. डुप्लिकेट बॅटरी ओरिजिनल म्हणून विकू नये, आणि दुसऱ्याच्या डिस्कमधलं काही उघडून बघू नये. भरवसा नसेल तर लोक पुन्हा कंपनीच्या बंद डब्याकडेच वळतील, आणि तो दोष आमचा असेल.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकार आहे. पंचायत समिती, तहसील, शाळा, कॉलेज, सगळीकडे लॅपटॉप आणि कॉम्प्युटर घेतले जातात. त्या प्रत्येक खरेदीच्या अटींत चार गोष्टी घालाव्यात: रॅम काढता-घालता येणारी, डिस्क वेगळी निघणारी, बॅटरी स्क्रूने बसवलेली, आणि दुरुस्ती-पुस्तिका सगळ्यांना खुली. सरकारने हे मागितलं की कंपन्या तसं बनवतील, चार वर्षांनी तीच मशीन आमच्या पोरांच्या हातात येतील, आणि इथला आयटीआय झालेला मुलगा पुण्या-हैदराबादला न जाता गावातच त्यांच्यावर पोट भरेल. यासाठी संसदेत नवा कायदा व्हायची वाट बघायला नको. निविदेत चार ओळी लिहिल्या की काम सुरू होतं, आणि त्या ओळी लिहिणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात बसलेली आहेत.