अठरा वर्षांनंतर कोणाचं घर?

“मी गेल्यावर याले कोन पाहील, ताई?” रोवणीच्या दिवसांत लाखांदूरकडच्या एका बाईने बांधावरच मला विचारलं. मुलगा बत्तीस वर्षांचा. अंगाने धडधाकट, पण आंघोळीचं पाणी काढून द्यावं लागतं, रस्ता ओलांडताना हात धरावा लागतो. बाई साठीला टेकलेली.

मतिमंद मूल (आता बौद्धिक दिव्यांग म्हणायचं, शब्द सुधारला हे बरंच झालं) लहान असतं तोवर त्याच्यासाठी शाळा असते, बालगृह असतं. बाल न्याय कायद्यात मूल म्हणजे अठरा वर्षांच्या आतलं. त्यानंतर ‘स्वतःच्या पायावर उभं राहायला’ थोडी वर्षं मदत मिळते. पण ज्याला कधीच एकट्याने राहता येणार नाही, त्याने जायचं कुठे?

हाच प्रश्न आपल्या विदर्भातले शंकरबाबा पापळकर वर्षानुवर्षं सरकारला विचारत आले आहेत. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला त्यांचं अंबादासपंत वैद्य बालगृह आहे. टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुलं त्यांनी वाढवली, बापाच्या जागी स्वतःचं नाव लावलं. मुलं मोठी झाली तरी बाबांनी त्यांना घराबाहेर काढलं नाही. अशा बेवारस दिव्यांगांना अठरा वर्षांनंतरही त्याच घरात राहता यावं, असा कायदा करा, ही त्यांची मागणी. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. हारतुरे झाले. पण एका म्हाताऱ्या माणसाच्या जिद्दीवर किती घरं चालवायची?

मुळशी तालुक्यातल्या कोळवणला ‘साधना व्हिलेज’ आहे. तिथे मोठी झालेली अशी माणसं वॉर्डात नाही, घरासारखी एकत्र राहतात. मला हे जास्त पटतं. पण कोळवण पुण्याजवळ, आणि आपण पार या टोकाला!

केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाने ‘घरौंदा’ योजना प्रौढांच्या निवाऱ्यासाठीच काढली. पण घर चालवायचं स्वयंसेवी संस्थेने. संस्था पुढे आली तर घर, नाही तर योजना कागदावर. मग ते काम पडतं कोणावर? वहिनीवर, भावजयीवर. तिला कोणी पद्मश्री देत नाही, आणि विचारतही नाही.

एक गोष्ट मात्र आज हातात आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमते. बँकेचं खातं, सातबाऱ्यावरचा हिस्सा, यांच्या भानगडी उपटतात तेव्हा हा कागद कामी येतो. आपण जिवंत असतानाच तो करून घ्यावा. मागाहून भाऊबंद गोळा होतात.

त्या बाईचा अर्ज मी परवा भरून दिला. पालक म्हणून तिने स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. “अन् माह्यानंतर?” तिने विचारलं. मी धाकट्या सुनेकडे पाहिलं. ती परातीत तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मले कोनी इचारलं का?”