पिशवीच्या अलीकडे आणि पलीकडे



धावड्यातल्या आमच्या बैठकीचा विषय त्या दिवशी रेशनचा होता. बोलता बोलता एकजण म्हणाली, "ताई, पुढल्या बैठकीला मी येणार न्हाई. पिशवी काढायची ठरलीय." वय विचारलं. चौतीस. कशासाठी? "अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरती. दवाखान्यात म्हणले, ठेवली तर कॅन्सर होईल." शेजारची लगेच म्हणाली, "माझी बी काढली, दोन वर्सं झाली." मग आणखी एक बोलली. रेशन बाजूलाच राहिलं.

आम्ही तिला विचारलं, त्रास सुरू झाला तेव्हा कोणाला सांगितलंस? "कोणालाच न्हाई. चार वर्सं अंगावर काढलं."

बाया बोलत नाहीत, लाजतात, असं आपण कार्यकर्त्याही सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. कपाशी वेचताना, मिरची तोडताना बाया आपसात सगळं बोलतात. 'बाहेरची झाली', 'अंगावरून जातं', 'अंग बाहेर येतं' हे शब्द त्यांचेच आहेत. पण हे बोलणं ऐकून पुढची वाट दाखवणारं कोणी नसतं. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा कुठला ना कुठला आजार होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे दुखणं घरोघरी होतं, विचारणारं कोणी नव्हतं.

आरोग्य यंत्रणेला बाई दिसते ती मुख्यतः गरोदर असताना आणि नसबंदीच्या वेळी. त्याच्या अलीकडची पोरगी आणि पलीकडची म्हातारी हिशोबातच नसते. मुलीला पाळी येते तेव्हा कळतं ते एवढंच की कशाकशाला शिवायचं नाही. लग्न झालेलीला 'पांढरं जाणं' हा बाईचा भोगच वाटतो. पाळी जायच्या वयात अंगाची लाही होते, झोप उडते. घरचे म्हणतात, हिची चिडचिड वाढली. म्हातारीचं अंग बाहेर येतं, खोकलं की लघवी सुटते. म्हणून ती लग्नकार्याला जायचंच सोडून देते. प्रत्येक टप्प्यावरची ही गप्पगप्प शेवटी एकाच ठिकाणी पोचते: पिशवी काढून टाका.

बीड जिल्ह्यात हे सगळ्या राज्याला दिसलं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणीतल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. या बाया अडाणी म्हणून फसल्या, असं म्हणणं सोपं आहे. पण फडात पाळीच्या दिवसांत ना आडोसा, ना पाणी, आणि एक खाडा झाला की दंड. अशा बाईने 'एकदाची कटकट मिटू दे' म्हटलं, तर दोष तिचा कसा? पुढचं मात्र तिला कोणी सांगितलेलं नसतं. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचे सारे त्रास एकदम सुरू होतात, आणि पुढे हाडं ठिसूळ होतात.

पिशवी काढणं कधीच गरजेचं नसतं, असं नाही. पण पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. जंतुसंसर्ग असेल तर तो बहुतेक वेळा औषधांनी बरा होतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र अंगावर काढू नका, लगेच तपासून घ्या. आणि कॅन्सरची भीती असेल, तर तिच्यावर पहिला उपाय तपासणी हा आहे. आपल्या मराठवाड्यातच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, एक लाखाहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. जिथे एकदाच एचपीव्ही चाचणी केली गेली, त्या गावांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एका चाचणीने जे साधतं, त्यासाठी सरसकट पिशव्या का काढायच्या?

बेकायदा आणि गरज नसलेल्या शस्त्रक्रियांना आळा घालणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. पण कागदावरचा आदेश गावात आपोआप चालत येत नाही. तो आपणच आणायचा आहे.

म्हणून प्रत्येक गटाने एवढं करून पाहावं. महिन्यातली एक बैठक फक्त शरीरावर बोलण्यासाठी ठेवावी, आणि तिथे पोरीपासून आजीपर्यंत सगळ्यांनी बसावं. आशाताईला बोलवावं. आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी बाई डॉक्टर असावी आणि तिशीपुढच्या प्रत्येकीची तपासणी व्हावी, असा ठराव ग्रामसभेत मांडावा. पिशवी काढायला सांगितलेल्या बाईबरोबर आपल्यातल्या एकीने सरकारी दवाखान्यात जावं आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं.

धावड्याच्या त्या मैत्रिणीबरोबर आमच्यातली एक अशीच गेली. जंतुसंसर्ग निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि सोमवार टळला. पुढल्या बैठकीला ती आली, आणि येताना सासूलाही घेऊन आली. म्हणाली, "हिला बी काहीतरी सांगायचंय."