दंड डोक्याला, अभय कारखान्याला

रस्त्याकडेला दोरीवर टांगलेली रंगीबेरंगी हेल्मेट हे आता शहरोशहरीचे परिचित दृश्य झाले आहे. अल्प किमतीत मिळणारी ही वस्तू पोलिसांच्या दंडापासून वाचविते. मृत्यूपासून वाचवील काय, हा प्रश्न घेणारा विचारीत नाही आणि विकणाऱ्याला त्याचे उत्तर ठाऊक नसते.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार व सहप्रवासी अपघातांत मृत्युमुखी पडले. म्हणून सक्ती योग्यच. पण खऱ्या शिरस्त्राणात कठीण कवच आघात पसरविते, आतील थर्मोकोलसारखा थर चेपून तो जिरवितो आणि हनुवटीखालचा पट्टा ते डोक्यावर टिकवून धरतो. यांतील एकही अंग कच्चे असेल, तर ते शिरस्त्राण नव्हे, केवळ टोपी होय.

कायदा याबाबत मुका नाही. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ४१५१ नुसार प्रमाणित नसलेले दुचाकीस्वारांचे हेल्मेट देशात विक्रीसाठी बनविण्यास वा विकण्यास मनाई आहे. नियम मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद २०१६च्या भारतीय मानक ब्युरो कायद्याने केली.

तरीही जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जे सांगितले ते अस्वस्थ करणारे आहे. दिल्लीतील कारवाईत परवाना संपलेल्या वा रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांहून अधिक हेल्मेट जप्त झाली. राजधानीची ही स्थिती, तर तालुक्याच्या बाजारपेठेची काय असेल?

चौकातील शिपाई डोके झाकले आहे की नाही एवढेच पाहतो. विनाहेल्मेट स्वाराला दंड तत्काळ होतो. नकली आयएसआय चिन्ह उमटविणारा मात्र सहसा दृष्टीआडच राहतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच हा प्रकार. ग्राहकानेही चिन्हाखालील परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळावा. पण त्याच्या दक्षतेवर शासनाने आपले कर्तव्य सोपवू नये. तपासणी चौकात नव्हे, कारखान्याच्या दारात सुरू झाली पाहिजे.

उघड्या डोक्याने जाणाऱ्याला निदान धोक्याची जाणीव असते. बनावट शिरस्त्राण ती जाणीवही हिरावून घेते. विश्वास ठेवणाऱ्याचाच बळी घेणारा हा व्यापार केवळ ग्राहकाची फसवणूक नव्हे. तो मनुष्यवधाच्या उंबरठ्यावरचा गुन्हा आहे, आणि त्याची दखलही तशीच घेतली गेली पाहिजे.