भरतीच्या वेळेचं अलिबाग

‘अलिबाग से आया है क्या?’ हा टोमणा बंद करावा, म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली. मला विचाराल तर अलिबागकरांनी वाईट वाटून घ्यायचं कारणच नाही. वाईट वाटायचंच असेल तर ते अलिबागहून परत येणाऱ्यांबद्दल वाटावं. शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रोत घालायची, मांडव्याला उतरायचं, किनाऱ्यावर घोडागाडी, भेळ आणि ओले कपडे, रात्री पापलेट, आणि सोमवारी ऑफिसात सांगायचं, ‘काही खास नाही हो, पाणी गढूळ होतं.’

गढूळ असणारच. उथळ किनारा आणि भोवतालच्या खाड्यांचा गाळ. अलिबागचा समुद्र ही अलिबागमधली सगळ्यात साधी गोष्ट आहे, हे एकदा मान्य करून टाकलं की माणूस गाव बघायला मोकळा होतो. माझं तर म्हणणं असं, की तिथला दिवस घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर आखावा. सुकती लागली की समुद्राकडे, भरती चढली की समुद्राकडे पाठ.

सुकती कधी, हे मोबाइलवर दिसतंच. पण कोळ्यांचा हिशेब त्याहून सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, दहाच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. पुनव-अवसेला उधाण असतं, त्यामुळे ओहोटीही खोलवर जाते आणि समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याची वाट छान उघडी पडते. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, वाटेत गुडघाभर भिजायची तयारी ठेवावी. एवढा हिशेब करून किल्ल्यात जा. शिवाजी महाराजांनी १६८० साली, अखेरच्या दिवसांत, याचं काम सुरू केलं. आत आंग्रेकालीन गणपती आहे, गोड्या पाण्याची सोय आहे, ते सगळे बघतातच. तुम्ही तटाचे दगड बघा. एकावर एक नुसते रचलेले, सांध्यांत चुना नाही. लाट फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो.

मग पाणी चढायला लागतं आणि मागे फिरावं लागतं. पर्यटक इथून पुढे खोलीवर जाऊन झोपतात. खरं तर अलिबाग इथून सुरू होतं.

किनाऱ्यालगतच चुंबकीय वेधशाळा आहे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असून कोणाच्या यादीत नसलेली. तिची गोष्ट मुंबईच्या ट्रामपासून सुरू होते. मुंबईतल्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा काढली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. काम कंटाळवाणं: सुई किती हलली ते लिहीत राहायचं. पण अशा कंटाळवाण्या कामाचं मोल पुढे कधीतरी अचानक कळतं. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या स्फोटाने पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं, युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या वादळाचा जोर नेमका किती होता, हे सांगू शकणारी मोलाची नोंद होती कुलाब्याची. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, शास्त्रज्ञांनी त्या वादळाचं मोजमाप केलं ते याच आकड्यांच्या आधाराने.

विसावं शतक उजाडलं आणि मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं. वीज आली की सुई भरकटणार. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस, त्या पदावर बसलेले पहिले भारतीय. विजेला अडवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी वेधशाळाच हलवली. मुंबईला जवळ, पण ट्रामच्या तारांपासून दूर अशी जागा निघाली अलिबागला. इमारत बांधताना लोखंड टाळलं, दगडसुद्धा चुंबकीय गुण नसलेला पारखून घेतला. १९०४ साली काम सुरू झालं. मूस यांनी आणखी एक शहाणपण केलं: जुन्या वेधशाळेतलं काम लगेच बंद न करता १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आणि नवे आकडे एकमेकांशी जुळवता यावेत. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर अलिबाग तयार होतं. म्हणून आज जगातल्या सर्वांत लांबलचक अखंड चुंबकीय नोंदींपैकी एक मालिका कुलाबा-अलिबागच्या नावावर आहे. आता ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. ती बाग नव्हे, उठून कोणीही आत शिरावं अशी. पण कुंपणाबाहेर उभं राहून पोरांना ही गोष्ट सांगायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि उंटावर बसवण्यापेक्षा ती स्वस्तही पडते.

तिथून गावात वळलं की हिराकोट. कान्होजी आंग्र्यांनी १७२० साली बांधलेला, त्यांच्या खजिन्याचा. इंग्रजांनी आंग्र्यांचं राज्य खालसा केल्यावर त्याचा तुरुंग केला आणि जिल्ह्याचा तुरुंग अजून तिथेच आहे. त्यामुळे आत जाण्याची इच्छा न धरता शेजारच्या तळ्याकाठून भिंती पाहून घ्याव्यात. कान्होजींची समाधीही गावातच आहे. इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी अशा तिघांनाही पुरून उरलेल्या या माणसापाशी दहा मिनिटं थांबणारे किती असतात, हे एखाद्या रविवारी जाऊन पाहावं.

मला मात्र सगळ्यात जास्त रेंगाळावंसं वाटतं ते इस्राएल आळीत. तिथे ‘मागेन आबोत’ हे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. १८४८ साली उभं राहिलेलं, १९१० मध्ये पुन्हा बांधलेलं. इथल्या यहुद्यांची, म्हणजे बेने इस्राएलांची, परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून इथे लागले. सात जोडपी तेवढी वाचली, म्हणतात. नवगावला त्यांचं स्मारकही आहे. इथे त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं घेतली ती शेजाऱ्यांसारखीच, गावाची: किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. मराठीत कीर्तनं केली, त्यांत आख्यानं मात्र जुन्या करारातली. नवस फेडायचा तर मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. कुठल्याही कोकणी घरात हे ताट ओळखीचंच वाटेल, फक्त इथे ते एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मांडतात.

प्रार्थनामंदिराच्या दाराशी जरा थांबा. उजव्या चौकटीवर बसवलेली छोटी डबी दिसेल, तिला मेझुझा म्हणतात. आत चर्मपत्रावर लिहिलेली वचनं असतात आणि आत-बाहेर करताना माणसं तिला बोटं लावून ओठांना लावतात. आत जायचं तर डोकं झाकून, विचारून. आणि शनिवारी फोटोंचा आग्रह धरू नये, तो त्यांचा शब्बाथ. इस्राएल स्वतंत्र झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही काढत आली. मागे राहिली मोजकी घरं. पण आळीला नाव अजून त्यांचंच आहे.

दुपारी गाडी उत्तरेला किहीमकडे वळवली तर तिथेही किनाऱ्याला पाठ करूनच उभं राहावं. बर्लिनहून शिकून आलेल्या सलीम अलींना मुंबईत नोकरी मिळेना, तेव्हा ते बायकोच्या माहेरच्या किहीमच्या घरी येऊन राहिले. १९३० चा पावसाळा. समोर समुद्र उधाणलेला, आणि हा गृहस्थ सुगरणींची घरटी बघत बसलेला. त्यांना दिसलं ते असं: नर अर्धंच घरटं विणतो, मादी येऊन ते ठोकूनठाकून पाहते, पसंत पडलं तर आत राहते, मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं विणायला घेतो. सुगरण म्हणून आपण जिचं कौतुक करतो तिने ते घरटं विणलेलंच नसतं; ती परीक्षक. सलीम अलींचं नाव पक्षीशास्त्रात झालं ते याच कामापासून. पावसाळ्यात ‘आता काय बघायचं अलिबागला’ म्हणून कुरकुरणाऱ्यांनी विहिरीवर ओणवलेल्या झाडांवरची आणि माडांच्या झावळ्यांवरची घरटी तेवढी बघावीत.

दक्षिणेला चौल-रेवदंडा. १४६९ साली अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी घोडा विकायला म्हणून चौलला उतरला होता. रेवदंड्याला शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली अजून घराघरांत बोलतात. पण हा ऐवज अर्ध्या दिवसात उरकायचा नव्हे, त्यासाठी वेगळी खेप काढावी. माझी हॉटेलवाल्यांना एक सूचना आहे: खोलीच्या दारामागे नियमांचा कागद लावता, त्याशेजारी भरतीचं कोष्टक आणि गावाचा एक साधा नकाशा लावा. वॉटर स्कूटरच्या जाहिरातीची जागा त्याला पुरेल.

आता खाण्याचं. मासे सगळीकडे मिळतात. अलिबागचा म्हणावा असा पांढरा कांदा. त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भात निघाल्यावर त्याच शेतात हा लावतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पातीची वेणी घालून माळा विकतात. अलिबागच्या नावाने इतर ठिकाणचा कांदाही खपवला जातो, तेव्हा कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूच्या शेतकऱ्याकडूनच घ्यावा. माळ उचलल्यावर कांद्याची मान दाबून बघा. मान वाळलेली हवी, ओली असली तर पंधरा दिवसांत माळ सडते.

पोपटी मात्र विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की कोणाच्या तरी शेतावर पोपटी लागते, आणि तिथे आमंत्रणावाचून मजा नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला. मडकं उपडं घालून वर पेंढा पेटवायचा. मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे. चुर्र होऊन उडाले की झाली. आत पाण्याचा थेंब घालायचा नसतो, पाल्याच्या वाफेवरच सगळं शिजतं. शेंगा सोलायला सगळे हात असतात, मडकं पेटवायला दोघेच, आणि झाली की नाही यावर मत मात्र प्रत्येकाचं.

– वाटसरू