डेटाबेस नवा झाला; नावांचे काय?

जुना डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेला, पडद्यावर ‘अपग्रेड यशस्वी’ असा संदेश झळकला. मात्र ग्राहकांच्या चिनी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उरली. याला तांत्रिक अपघात म्हणून सोडून देता येणार नाही. बहुतेक वेळा तो टाळता येण्याजोगा निष्काळजीपणा असतो.

नेमके बिघडते कुठे?

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे संकेततक्ता ठरवतो. चिनीसाठी असे तक्ते अनेक आहेत. ‘चीन’ या देशनामातले पहिले चिनी अक्षर ‘जीबीके’मध्ये २१४, २०८ असे साठते, तैवानच्या ‘बिग-५’मध्ये १६४, १६४, तर ‘यूटीएफ-८’मध्ये २२८, १८४, १७३.

‘मायएसक्यूएल’च्या जुन्या आवृत्त्यांमध्ये मूळ सेटिंग ‘लॅटिन-१’ म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांचे असे. अनेकांनी त्याच रकान्यांत चिनी मजकूर भरला. आत आले तेच आकडे बाहेर जात, म्हणून सारे सुरळीत दिसे. २००४ मध्ये आलेल्या ४.१ आवृत्तीपासून डेटाबेस स्वतः तक्त्यांमध्ये रूपांतर करू लागला आणि डब्यावरची चुकीची चिठ्ठी महागात पडली. चिनी आकडे युरोपीय अक्षरे समजून बदलले गेले.

सगळे नुकसान सारखे नसते

विचित्र युरोपीय अक्षरे दिसत असतील तर आशा असते. मूळ आकडे बहुधा परत मिळवता येतात. पण प्रश्नचिन्हच साठवले गेले असेल, तर मूळ अक्षर कायमचे गेले. मग जुनी बॅकअप प्रत हाच आधार.

काय करावे?

आधी बॅकअप घ्यावा आणि काम प्रतीवरच करावे. मजकूर खरोखर कोणत्या तक्त्यातला आहे, हे आकडे पाहून ठरवावे. रकाना थेट नव्या तक्त्यात बदलू नये. आधी तो ‘बायनरी’ करावा, मग खरा तक्ता लावावा आणि शेवटी ‘यूटीएफ८एमबी४’मध्ये न्यावा. ‘मायएसक्यूएल’चा जुना ‘यूटीएफ८’ प्रति अक्षर तीनच बाइट देतो. नावांमध्ये येणारी काही दुर्मीळ चिनी अक्षरे चार बाइटची असतात. ८.० आवृत्तीपासून ‘यूटीएफ८एमबी४’ हेच मूळ सेटिंग आहे. सर्वांत शेवटी, चिनी वाचता येणाऱ्या माणसाने नोंदी डोळ्यांनी तपासाव्यात.

हा खर्च कशासाठी?

कारण पणाला लागलेली असते ती माणसाची ओळख. चीनमध्ये १९८० साली ठरलेल्या ‘जीबी २३१२’ तक्त्यात ६,७६३ चिनी अक्षरे होती. पुढे पंतप्रधान झालेल्या झू रोंगजी यांच्या नावातले एक अक्षर त्यांत नव्हते. पंतप्रधानांसाठी वाट काढली जाते. सामान्य खातेदाराने ती कुठे शोधायची?

मराठी वाचकांनाही हे परके नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमधली जुनी मराठी फाइल उघडल्यावर अगम्य चिन्हे दिसतात, त्यामागेही हेच चुकीच्या चिठ्ठीचे दुखणे आहे. म्हणून अपग्रेडच्या कंत्राटातच ‘मजकूर अक्षरशः जसाच्या तसा राहील’ ही अट हवी आणि ती तपासून झाल्याशिवाय जुना सर्व्हर बंद करू नये.