अ‍ॅपची कात्री आणि उस्तादांचे मौन

वर्गात रेकॉर्ड केलेले लेक्चर आपोआप छाटून देणारी अ‍ॅप्स आता मोबाईलवर मिळतात. बहुतेक अ‍ॅप्स आवाज मोजतात; तो ठरावीक पातळीखाली गेला की तेवढा तुकडा गाळला जातो. जमाखर्च किंवा जीएसटी शिकवणाऱ्या मास्तरांना हे सोयीचे आहे. लेक्चर आटोपशीर होते, मुलांचा डेटा वाचतो. त्याबद्दल तक्रार नाही.

परंतु हुनर शिकवणाऱ्यांनी जपून असावे. आमच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करता करता शिकणे, हीच तिथली रीत. वेल्डिंग शिकवणारा तोंडाने बोलणार किती? आपल्या धंद्यातला रफूगर घ्या. धागा ओढताना तो गप्पच असतो. कापडाच्या पोताशी धागा मिळवताना हात जिथे थबकतो, धडा तिथेच असतो. अ‍ॅपला मात्र तो रिकामा वेळ वाटतो! उलट शेजारी मशीन खडखडत असेल, तर बिनकामाचा भागही शाबूत राहतो.

असा छाटलेला व्हिडिओ पाहून शागीर्द कामाला बसला, तर शालू गिऱ्हाइकाचा बिघडेल आणि भरपाई दुकानदाराच्या माथी. म्हणून कारागीर बांधवांनी मूळ रेकॉर्डिंग पुसू नये. किती सेकंदांची शांतता कापायची हे ठरवता येत असेल, तर ती मर्यादा वाढवावी. नाहीतर हात चालू असताना उस्तादांनी दोन शब्द बोलत राहावे. आणि महिन्याचे पैसे भरण्याआधी रफूचा एक धडा अ‍ॅपमधून काढून पाहावा, टाके मोजावेत.